फॉन्टला शिव्या घालू नकोस

फॉन्टचा प्रॉब्लेम आहे म्हणालास. बरं. कुठल्या फॉन्टचा? फॉन्ट स्क्रीनवर अक्षर काढतो. तुझा प्रोग्राम फाइलमधले बाइट मोजतो. मोजताना तो फॉन्टचं तोंडसुद्धा बघत नाही. हे तुला माहीत नाही असं नाही. माहीत आहे, आणि तरीही ठोकून दिलंस. सरांना मराठी टायपिंगमधलं काय कळतंय, दोन मिनिटं मान हलवतील आणि सही करतील, असा हिशेब. तो हिशेबही तुझ्या प्रोग्रामसारखाच निघाला.

आता गपगुमान बस आणि ऐक.

फाइल दाबून लहान करायचा प्रोजेक्ट घेतलास. हफमनची पद्धत. निवड चांगली होती. पहिली पायरी म्हणजे कुठला बाइट किती वेळा येतो ते मोजणं, त्यासाठी २५६ खणांचा ॲरे. इथपर्यंत कुणी बोट ठेवणार नाही. डेमोला गावांची यादी दिलीस: नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर. सगळी इंग्रजी स्पेलिंगमध्ये. पळाला. मग मी एकच नाव मराठीत टाकलं, नांदेड, आणि बेरजेचा बट्ट्याबोळ झाला. मराठवाड्यातल्या गावांच्या यादीसाठी केलेला प्रोग्राम मराठी अक्षर बघून फेफरं येऊन पडतो, आणि दोष फॉन्टचा! नाचता येईना अंगण वाकडं.

'नांदेड'चे बाइट कधी बघितलेस? नाही. हेक्स डंप काढायला किती वेळ लागतो? चहा यायच्या आत होतं ते काम. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड. सहा चिन्हं, अठरा बाइट. तिघांतला पहिला बाइट दर वेळी २२४. नुसता 'न' घेतलास तर २२४, १६४, १६८. अठराच्या अठरा बाइट १२७ च्या वर. आणि इंग्रजीतलं एकूण एक अक्षर १२७ च्या आत. आता तरी डोक्यात काही पेटतंय का?

इंडेक्स कशात ठेवला होतास? नुसत्या कॅरेक्टर टाइपमध्ये. पुढे 'अनसाइन्ड' लिहायचा कंटाळा. तुझ्या लॅपटॉपवरचा कंपायलर नुसत्या कॅरेक्टरला साइन्ड धरतो. त्याच्या लेखी २२४ म्हणजे २२४ वजा २५६, उणे ३२. १६४ म्हणजे उणे ९२. १६८ म्हणजे उणे ८८. तुझा प्रोग्राम ॲरेच्या पहिल्या खणापासून बत्तीस खण मागे गेला आणि तिथल्या आकड्यात सहा वेळा एकेक मिळवून आला. तिथे काय होतं? तुझंच दुसरं काहीतरी. सी भाषा ॲरेला कुंपण घालत नाही, हे पहिल्या वर्षाला फळ्यावर लिहून दिलं होतं. तू वहीत उतरवलंही असशील. लाल पेनाने. चौकटीत.

'पण सर, मित्राच्या रास्पबेरी पायवर मोजणी बरोबर येते.'

अरे मग पुरावाच हातात आला होता की! प्रोग्राम तोच, फाइल तीच, फॉन्ट तोच, मशिनी दोन आणि उत्तरं दोन. हे बघून ज्याची झोप उडत नाही त्याने या शाखेत कामून यावं? पायमध्ये एआरएमचा प्रोसेसर असतो, आणि तिथल्या लिनक्सवर नुसतं कॅरेक्टर अनसाइन्ड धरतात. सी च्या प्रमाण नियमांनीच ही मोकळीक कंपायलरला दिली आहे. लपवलेली गोष्ट नाही, पुस्तकात छापलेली आहे. तू काय निष्कर्ष काढलास? 'माझा लॅपटॉप गंडलाय.' आधी फॉन्ट, मग लॅपटॉप. तिसऱ्यांदा लोडशेडिंगवर ढकलणार होतास का?

सी बाजूला ठेव. खाली उतर, जिथे खरं काम होतं तिथे. ॲरेच्या खणाचा पत्ता काढायचा म्हणजे सुरुवातीच्या पत्त्यात ऑफसेट मिळवायचा. पत्ता ६४ बिटांचा. तुझ्या हातात बाइट, म्हणजे ८ बिट. उरलेली ५६ बिटं कशाने भरायची? शून्याने, की त्या बाइटच्या सगळ्यात डावीकडच्या बिटाच्या नकलांनी? सगळं दुखणं एवढ्याच प्रश्नात आहे. इंटेलने १९८५ च्या ८०३८६ पासून यासाठी दोन वेगळ्या सूचना ठेवल्या, मूव्हझेडएक्स आणि मूव्हएसएक्स. एक शून्यं भरते, दुसरी साइन बिट पसरवते. एआरएममध्ये मेमरीतून बाइट उचलतानाच निवड करायची असते, एलडीआरबी की एलडीआरएसबी. हार्डवेअर तुला विचारतंय. तू उत्तर दिलं नाहीस. तुझ्या वतीने कंपायलरने दिलं, दोन मशिनींवर दोन. आता कुणावर चिडतोस?

आणि काल व्हायवाला ते काय म्हणालास? 'टूज कॉम्प्लिमेंटमध्ये साइन्ड-अनसाइन्डचा काही फरक नसतो सर, बेरीज तीच येते.' किती ऐटीत! अर्धं खरं बोलणारा साफ खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त बुडवतो, कारण त्याला स्वतःलाच ते पटलेलं असतं.

लातूरचा आहेस ना? गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रस्त्याच्या तोंडाशी उभा राहा आणि पंधरा रस्ते पुढे मोज. कुठे पोचलास? उलटा फिरून एकच रस्ता मागे गेला असतास तरी तिथेच आला असतास. सोळाच्या गोलात पंधरा पुढे आणि एक मागे यांत फरक नाही. चार बिटांचं गणित नेमकं हेच. म्हणून ८०८६ मध्ये सोळा बिटांच्या बीएक्समध्ये सोळा बिटांचा ऑफसेट मिळवलास, की त्याला साइन्ड म्हण नाहीतर अनसाइन्ड म्हण, बेरीज एकच येते. ६५५३५ पुढे म्हणजेच एक मागे. इथवर तुझं बरोबर. आता तोच '१५' लिहिलेला कागद घेऊन २५६ रस्त्यांच्या गोलाईत जा. पंधरा पुढे आणि एक मागे यांत आता सोळा रस्त्यांचं अंतर पडलं. कागदावर १५ च आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कुठली दिशा होती, हे कागद सांगत नाही. छोटा ऑफसेट मोठ्या पत्त्यात मिळवायची वेळ आली की ते कुणीतरी ठरवावंच लागतं. तुझं वाक्य सारख्या रुंदीच्या बेरजेला लागू होतं. तू ते सगळीकडे लावलंस, कारण 'कुठे' हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं जास्त लागली असती.

विश्वास नसेल तर लॅबमध्ये डॉसबॉक्स उघड आणि लिस्टिंग फाइल काढ. लिस्टिंग फाइल. असेंबलर फुकट बनवून देतो आणि तुमच्या बॅचमध्ये एकानेही उघडलेली नाही, ती. बीएक्सच्या एक मागचा बाइट एएलमध्ये आणायची सूचना लिही. तीन बाइट मिळतील: ८ए ४७ एफएफ. मग बीएक्सच्या २५५ पुढचा बाइट आण. चार बाइट: ८ए ८७ एफएफ ००. दोन्हीकडे एफएफ आहे. एका ठिकाणी त्याचा अर्थ उणे एक, दुसऱ्या ठिकाणी अधिक दोनशे पंचावन्न. एफएफच्या अंगावर उण्याची खूण दिसते का कुठे? नाही. ती ४७ मध्ये आहे. ४७ प्रोसेसरला सांगतो की पुढे आठच बिटं आहेत, त्यांचा साइन पसरव. ८७ सांगतो की सोळा बिटं आहेत, जशीच्या तशी घे. म्हणून १२७ पर्यंतचा ऑफसेट तीन बाइटांत बसतो आणि १२८ ला चौथा बाइट लागतो. उणे १२८ मात्र तिनातच. हे समोर छापलेलं असतं, वाचायचं तेवढं बाकी.

'पण ते असेंबलर आपोआप करतो ना सर.'

करतो. आकडा तू सूचनेत लिहून दिलास तर करतो. आकडा प्रोग्राम चालू असताना रजिस्टरमध्ये आला तर? तेव्हा असेंबलर घरी गेलेला असतो. मग तू एएल सोळा बिटांचा करायला सीबीडब्ल्यू वापरतोस, कारण नोट्समध्ये सीबीडब्ल्यू आहे. २०० चे होतात उणे ५६. टेबलच्या दोनशेव्या खणाऐवजी टेबलच्या बाहेरचं काहीतरी उचलून आणतोस आणि म्हणतोस 'गार्बेज येतंय सर'. गार्बेज येत नाही. तू जाऊन आणतोस. एएच शून्य केला असतास तर २०० चे २०० राहिले असते. त्याच ८०८६ मध्ये एक्सलॅट नावाची सूचना आहे, ती एएल सरळ ० ते २५५ असाच वाचते. आणि त्याच ८०८६ मध्ये कंडिशनल जंपचा एक बाइट साइन्ड वाचला जातो. एकाच चिपमध्ये दोन्ही. ८०५१ मध्येही तेच. एसजेएमपीचा बाइट साइन्ड, मूव्हसीमध्ये डीपीटीआरला मिळवला जाणारा ए अनसाइन्ड. दोन्हींवरचे प्रश्न तू पेपरात सोडवलेस, दोन्हीकडे मार्क घेतलेस. मग या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून 'असं का?' म्हणायला कुणी बंदी घातली होती?

कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हे. तुला कळतं यावर माझी शंकाच नाही. शंका असती तर इतकं बोललोच नसतो, पास होण्यापुरत्या खुणा करून दिल्या असत्या.

आता त्या जंपचं घे. 'रिलेटिव्ह जंप आउट ऑफ रेंज' असा एरर आला. तू काय केलंस? मेसेज छापायच्या ओळी उडवल्या. प्रोग्राम आखूड झाला, उडी मर्यादेत आली, एरर गेला, साहेब खूश. एरर का आला हे शोधलंस? ८०८६ ची कंडिशनल उडी पुढच्या सूचनेच्या पत्त्यापासून मोजतात, १२८ मागे, १२७ पुढे. अट उलटी करायची आणि तिच्याखाली लांब पल्ल्याची साधी जंप टाकायची. एका ओळीच्या दोन होतात, बाकी काही नाही. पण त्यासाठी तो बाइट साइन्ड आहे आणि म्हणून त्याचा पल्ला दोन्ही बाजूंना वाटला गेलाय, हे समजून घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा ओळी उडवणं सोपं. परीक्षकाला उत्तर स्क्रीनवर दिसलं नाही तेव्हा म्हणालास, 'व्हॅल्यू मेमरीत आहे सर.' ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

आज सकाळी आणखी एक तोडगा घेऊन आलास. 'सर, सगळीकडे अनसाइन्ड करून टाकलं.' सगळीकडे! आगीतून फुफाट्यात. फाइल संपली की गेटकॅर उणे एक देतं. तो उणे एक तू अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये ठेवलास की झाला २५५. २५५ आणि उणे एक कधी सारखे होतील? कधीच नाही. फाइल संपली तरी तुझा लूप फिरत राहील. तुझ्या मित्राच्या पायवर मोजणी बरोबर येते म्हणालास, पण प्रोग्राम थांबतो का, हे विचारलंस त्याला? कंट्रोल-सी दाबून बंद करतो तो. गेटकॅर इंटीजर परत करतं ते उगाच नाही. २५६ बाइट आणि वर 'संपलं' ही खूण, असं २५७ गोष्टींचं काम आहे, ते एका बाइटात मावत नाही. आधी इंटीजरमध्ये घे, संपलं का ते बघ, आणि मग इंडेक्स लाव. मलमपट्टी सरसकट लावून चालत नसते. जखम कुठे आहे ते बघावं लागतं.

राहिलं ते तुझं नेहमीचं पालुपद. 'एवढं डीपमध्ये परीक्षेत येत नाही.' दोन वर्षं लातूरला राहून टेस्टवर टेस्ट दिल्यास. लोक लातूर पॅटर्नला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. डॉ. जनार्दन वाघमाऱ्यांसारखा माणूस राजर्षी शाहू महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य होता, नंतर नांदेडच्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. त्या मातीत घाम गाळण्याची लाज नव्हती. तू तिथून घाम आणला नाहीस. पर्याय खोडायची युक्ती तेवढी आणलीस. चारातले तीन खोडता येतात, मशीन मात्र चार पर्याय देत नाही. फिजिक्सच्या गणितात उणे चिन्ह सुटलं की जिवाला घोर लागायचा तुझ्या. एका चिन्हाने रँक घसरते हे तेव्हा कळत होतं. मग इथे पत्त्याचं चिन्ह सुटलं तर 'डिटेल' कसं झालं?

आणि मागासलेपणाचं रडगाणं माझ्यापुढे गाऊ नकोस. पुण्याच्या मुलांना एक्स्पोजर असतं म्हणे. विष्णुपुरीचं अभियांत्रिकी कॉलेज १९८१ पासून उभं आहे. ८०८६ ची चिप नांदेडला आली म्हणून एफएफचा अर्थ बदलत नाही, आणि डिबगर उघडायला पुण्याचा पिनकोड लागत नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी पुण्यात सी-डॅकमध्ये परम ८००० उभा केला, १९९१ मध्ये. अमेरिका हवा तो सुपरकॉम्प्युटर देत नव्हती म्हणून. त्यात इनमॉसचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. त्या चिपच्या सूचना कशा होत्या माहीत आहे? प्रत्येक सूचना एका बाइटची. चार बिटं कामाची, चार बिटं आकड्याची. आकडा फक्त ० ते १५. पंधराच्या वर जायचं तर आधी पीफिक्स. आणि शून्याच्या खाली जायचं तर एनफिक्स नावाची वेगळी सूचना, जी आधी सगळी बिटं उलटी करते आणि मग चार जागा डावीकडे सरकवते. उणे एक घ्यायला दोन बाइट: ६० ४एफ. उण्याची निशाणी आकड्यात नाहीच, ती आधीच्या सूचनेत. चार बिटांचा ऑफसेट साइन्ड की अनसाइन्ड, याची ज्यांना पक्की खबर होती त्यांच्या हातात ते मशीन चाललं. 'कंपायलर बघून घेईल' म्हणणाऱ्यांचा कंपायलरसुद्धा कुणीतरी लिहिलेला असतो, हे विसरू नकोस.

बरं, ज्यांनी या चिपा बनवल्या त्यांनी नाणं उडवून साइन्ड-अनसाइन्ड ठरवलं असं वाटतं का तुला? फंक्शनमध्ये शिर. ८०८६ मध्ये बीपीच्या पुढे चार बाइटांवर बाहेरून आलेलं पॅरामीटर, बीपीच्या मागे दोन बाइटांवर आतला लोकल व्हेरिएबल. दोन्हीकडे हात जायला हवा, म्हणजे साइन्ड हवं. पण स्ट्रक्चरमधलं फील्ड? ते सुरुवातीच्या पत्त्याच्या पुढेच असतं, मागे कधीच नाही. तिथे साइनसाठी बिट खर्चणं म्हणजे अर्धा पल्ला पाण्यात. म्हणून आयबीएमने १९६४ च्या सिस्टिम/३६० मध्ये बारा बिटं अनसाइन्ड ठेवली, ० ते ४०९५, मागे जायची सोयच नाही. साइन्ड वीस बिटांचा ऑफसेट त्या घराण्यात थेट २००३ च्या झेड-९९० मध्ये आला. जुन्या एआरएमने बारा बिटांशेजारी 'मिळव की वजा कर' असं सांगणारं एक वेगळंच बिट ठेवलं. आणि ६४ बिटांच्या एआरएमने दोन्ही ठेवलं: पुढच्या लांब पल्ल्यासाठी अनसाइन्ड, जवळच्या मागेपुढेसाठी उणे २५६ ते अधिक २५५ एवढा साइन्ड. माझ्या मते या सगळ्यांत हाच सगळ्यात शहाणा. मिप्सवाल्यांनी मात्र नावं वाचून काम भागवणाऱ्या तुझ्यासारख्यांची चांगली जिरवली आहे. ॲडआययू नावाच्या सूचनेत 'यू' म्हणजे अनसाइन्ड, आणि ती आपला सोळा बिटांचा आकडा साइन पसरवूनच घेते. अनसाइन्ड ती फक्त ओव्हरफ्लोची बोंब मारत नाही एवढ्यापुरती.

उद्या काय आणायचं ते लिहून घे. पेन कुठाय? मोबाइलवर नको, कागदावर. 'नांदेड'चा हेक्स डंप, अठराच्या अठरा बाइटांचा साइन्ड आणि अनसाइन्ड अर्थ, हाताने काढलेला. तुझ्या प्रोग्रामची असेंब्ली, तिच्यात मूव्हएसएक्स जिथे आहे त्या ओळीखाली रेघ. आणि हे गणित. रिस्क-फाइव्हचं, कारण आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा दोन्ही त्याच घराण्यातले आहेत आणि उद्या तुला त्यावरच नोकरी मागायची आहे. रजिस्टरमध्ये हेक्स १२३४५एफएफएफ हा पत्ता भरायचा. वरची वीस बिटं एलयूआयने, खालची बारा ॲडआयने. एलयूआयमध्ये १२३४५ टाकलंस की नेमका ४०९६ बाइट अलीकडे पडशील. का पडशील आणि काय टाकायचं, ते समजावून सांग. ग्रुपवरून उत्तर मागवलंस तर मी फळ्यावर दुसरा पत्ता देणार आहे.